दुसऱ्या अंकातला भाऊ

तिसरं बटण चौथ्या काजात गेलं होतं, आणि त्यामुळे कोटाची डावी कड गळ्यापाशी उगीचच वर चढली होती. ब्रश मारलेल्या, नीट इस्त्री केलेल्या त्या राखाडी कोटावर ही एवढीशी चूक इतकी ठळक दिसत होती, की भुवईवर पेन्सिल फिरवता फिरवता तिचा हात थांबला. नाटकात तिच्या भावाचं काम करणारे दादा शेजारच्या खुर्चीत बसले होते. ती आरशातल्या दादांकडे पाहत होती आणि आरशातले दादा स्वतःकडे पाहत होते, मान किंचित तिरकी करून, समाधानाने... आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं असतं तर तिने हसून सांगितलं असतं. बटणं कुणाचीही चुकतात. तिचा नवरा तर स्वेटर उलटा घालून बाजारात जाऊन येतो आणि वर म्हणतो, आतली बाजूच जास्त चांगली आहे. पण हे दादा होते. उभा जन्म रंगमंचावर काढलेले, कुणी पोशाखात ढिलाई केली तर नुसत्या नजरेने त्याचं पाणी पाणी करणारे दादा.

ती उठली, कोटावरचा धागा काढायचं निमित्त केलं, आणि संध्याकाळच्या प्रयोगाबद्दल काहीबाही बोलता बोलता बटण काढून योग्य काजात घातलं. दादा तिच्या बोटांकडे पाहत राहिले. मग जरा जास्तच अदबीने म्हणाले, "आभारी आहे."

दादा कधी कुणाचे आभार मानत नसत.

ती परत आपल्या आरशाकडे वळली, पण भुवई आता नीट जमेना. एक वर, एक खाली. आरशातला, बहिणीची भूमिका करणाऱ्या बाईचा तो चेहरा तिच्याकडेच संशयाने पाहत असल्यासारखा दिसू लागला...

आयुष्यभर ती 'थिएटरला जाते' असं सांगूनच घराबाहेर पडली होती. फक्त ते थिएटर वेगळं होतं. ती भूल देणारी डॉक्टर. सर्जनचं नाव पेशंट जन्मभर सांगत फिरतो. भूल देणारीचं नाव त्याला शुद्धीवर यायच्या आतच विसरायला झालेलं असतं, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. डोक्याशी बसायचं. झोपलेल्या माणसाच्या छातीकडे बघायचं, पडद्यावरच्या आकड्यांकडे बघायचं, पुन्हा छातीकडे. यंत्र ओरडलं म्हणजे आपल्याला उशीर झाला, असं ती हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना बजावायची. त्याआधीच कळलं पाहिजे. कशावरून ते सांगता येत नाही, पण कळतं.

मग नोकरी संपली, आणि ती अभिनयाच्या वर्गात जाऊन बसली. आपल्या मुलीहून लहान पोरांच्यात, फरशीवर, गुडघ्यांची तक्रार न करता. घरच्यांना वाटलं छंद, ओळखीच्यांना वाटलं हौस. मुलगी फोनवर म्हणाली, चांगलंय आई, मन रमेल. तिने कुणाशी वाद घातला नाही. फक्त तालीम कधी चुकवली नाही, संवाद पाठ झाल्याशिवाय तालमीला उभी राहिली नाही, आणि आपला प्रवेश संपला म्हणून लगेच पर्स उचलून निघाली नाही. दुसऱ्यांचे प्रवेश बघत बसली, कुणाला समोर उभं राहायला माणूस हवं असेल तर उभी राहिली. पहिली भूमिका मिळाली ती प्रेताची. ती मात्र तिने अशी वठवली की मध्यंतरात पुढच्या रांगेतली एक बाई आत येऊन विचारून गेली, त्या बाई बऱ्या आहेत ना? श्वास कुठे लपवायचा हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

आणि पहिल्यांदा तोंड उघडायला मिळालं ते दादांच्या समोर. चार वाक्यं होती. ती घाबरून नेमकी त्यांच्या सावलीत उभी राहिली, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. मग ऐन प्रवेशात दादा टेबलाकडे गेले आणि तांब्यातून पाणी ओतून घेऊ लागले. तालमीत हे कधीच नव्हतं. सावकाश, तहान लागलेल्या माणसासारखे... आणि त्यांच्या जागी रिकामा झालेला उजेड तिच्या तोंडावर पडला. प्रयोगानंतर ती आभार मानायला गेली तर ते तिच्यावरच डाफरले. "आभार कसले? मला तुझा चेहरा दिसत नव्हता. मी बोलत कुणाशी होतो मग?"

तेच दादा आज आभारी आहे म्हणाले. परक्या माणसाला म्हणावं तसं.

नाटक भाऊ-बहिणीचं. बाप गेल्यावर दोघं त्याचं बंद पडलेलं चष्म्यांचं दुकान रिकामं करायला येतात. भिंतभर काचा नसलेल्या फ्रेमा, काउंटर, एक स्टूल. भांडतात, हसतात, जुन्या गिऱ्हाइकांच्या नकला करतात, आणि सगळं नाटक एका प्रश्नाकडे सरकत जातं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बहीण विचारते, बाबा आजारी होते तेव्हा तू का आला नाहीस? भाऊ म्हणतो, आलो होतो. दारापर्यंत आलो होतो. आतून तुम्हा दोघांच्या हसण्याचा आवाज आला. मग परत गेलो.

एवढंच. पण त्या वाक्यासाठी लोक नाटक बघायला येत होते.

गेल्या प्रयोगात तिने प्रश्न विचारला आणि दादांनी वर पाहिलं, आणि त्याच क्षणी तिला कळलं. त्यांच्या ओठांवरून नाही, डोळ्यांवरूनही नाही. श्वास आत गेला आणि बोलण्यासाठी जसा थांबतो तसा थांबला नाही, नुसताच परत बाहेर आला, दार उघडून आत कुणीच नाही असं पाहून माघारी फिरलेल्या माणसासारखा. आणि तिने विचार न करता, अगदी सहज, दोन पावलं पुढे होऊन म्हटलं, "तू आला होतास ना? दारापर्यंत?" दादांनी मान हलवली. खूप हळू. सभागृहात सन्नाटा, मग टाळ्या. पडदा पडल्यावर दिवे सांभाळणारा खाली येऊन तिला म्हणाला, "डॉक्टरताई, तुम्ही नाटक वाचवलंत."

वाचवलंत. हा शब्द तिने किती दिवसांत ऐकला नव्हता... आणि तो ऐकून छातीत काय झालं ते तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

कारण मला बरं वाटलं. दादा कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि मला बरं वाटत होतं.

तेव्हापासून ती त्यांची भूमिका पाठ करत होती, पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत. आज सकाळीही केली, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, चहा गार होईपर्यंत. नवरा तिच्या जागी बहीण होऊन संहिता वाचत होता. तो सगळंच एका सुरात वाचतो. बाबा आजारी होते तेव्हा तू का आला नाहीस, हे त्याने नळदुरुस्तीवाल्याला विचारावं तसं विचारलं. तिने दादांचं उत्तर दिलं, एक शब्दही न चुकता. त्याने चष्मा कपाळावर सारला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग दोघं कशाला हवेत तिथे? तू एकटीच कर की."

थट्टाच होती. तो उठून चहा गरम करायला गेलाही. पण ती तशीच बसून राहिली, समोर त्याने ठेवलेली संहिता... सांभाळायला जाळं धरलेला माणूस वर दोरीवर चालणाऱ्याकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेत नुसती काळजीच असते का? की कुठेतरी आत, जाळं फुकट जाऊ नये असंही...

नको. त्या वाटेने जायचं नाही.

दुपारची रंगीत तालीम सुरळीत झाली. दादा एकदाही अडले नाहीत. उलट गिऱ्हाइकाच्या नकलेत त्यांनी एक नवीन खोकला घातला आणि विंगेतली माणसं तोंडावर हात धरून हसली. ती मात्र थकून गेली. त्यांचं प्रत्येक वाक्य ती त्यांच्या अर्धा क्षण आधी मनात म्हणत होती, आणि स्वतःचं वाक्य आलं की ते कुठूनतरी शोधून आणावं लागत होतं.

तालीम संपल्यावर दिग्दर्शिकेने तिला बाहेरच्या अरुंद वाटेत गाठलं. जुन्या नेपथ्याच्या फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, त्यामुळे दोघींना जवळजवळ उभं राहावं लागलं. पोरगी कष्टाळू होती. दादांच्याच हाताखाली तयार झालेली, त्यांच्या शिव्या खाऊन मोठी झालेली. नखं कुरतडून बोटांची टोकं लाल झाली होती. ती घाईघाईने बोलत गेली. आज बाहेरगावची मंडळी प्रयोग बघायला येणार, पसंत पडलं तर मोठा दौरा, रोज नवं गाव, रोज प्रयोग. ती आज त्यांना होकार देईल, पण मग मागे फिरता येणार नाही. दादांच्या जागी एका नटाला तिने नुसतं विचारून ठेवलंय. नुसतं विचारून. हे म्हणताना तिने मान खाली घातली.

"ताई, तुम्ही इतकी वर्षं डॉक्टर होतात," ती म्हणाली. "दादांचं काय चाललंय?"

तिच्याकडे नुसता संशय होता, आणि संशयाला नाव द्यायचं तर माणूस तपासावा लागतो, आणि तो माझा पेशंट नाही. तो माझा भाऊ आहे, दुसऱ्या अंकात. इथे मी डॉक्टर नाही. इथे यायला मला केवढा वळसा पडला...

"त्यांनाच विचार," ती म्हणाली.

दिग्दर्शिकेने मान वर केली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे काहीतरी आहे."

आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण न सांगता सांगून बसलो. काही नाही ग, वय झालं, असं म्हणून टाकलं असतं तर? खोटं ठरलं असतं, पण निदान ते एका मित्रासाठी बोललेलं खोटं असतं. आता मात्र तिने तोंड सांभाळलं होतं आणि दादांना उघडं पाडलं होतं, दोन्ही एकाच वाक्यात.

दादा रंगमंचावरच होते. कामाचा एकच दिवा जळत होता, आणि ते काउंटरमागे स्टुलावर बसून फ्रेमांच्या भिंतीकडे पाहत होते, दुकानाचा मालक दुपारी बसतो तसे. ती गिऱ्हाइकासारखी काउंटरच्या अलीकडे उभी राहिली. काय बोलायचं ते ठरवून आली होती, पण सुरुवात त्यांनीच केली. पोरीने काय विचारलं, म्हणाले. तिने सांगितलं. तू काय म्हणालीस? तेही सांगितलं. ते थोडं हसले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, तिसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तशा आवाजात. तिला संशय यायच्याही आधी ते सूनबाईंबरोबर जाऊन तपासून आले होते. डोक्याचे फोटो काढून झाले होते. ही सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणाला होता, आणि पुढे किती, कधी, याबद्दल तो काही बोलायला तयार नव्हता. घरी शब्द निसटायचे. परवा गार पाण्यासाठी उठले आणि त्या उभ्या, पांढऱ्या, गुरगुरणाऱ्या वस्तूसमोर उभे राहिले ते तिचं नावच सापडेना. रंगमंचावर मात्र अजून ठीक होतं. इथे शब्द एकमेकांचा हात धरून येतात, ते म्हणाले. एखादाच हात सोडतो.

"तू लोकांना भूल द्यायचीस," ते म्हणाले. "मला बघ, न मागता पडली."

तिला हसायचं नव्हतं. तरी हसू आलं. तिने खाली काउंटरकडे पाहिलं. मग जे बोलायला हवं ते बोलली. दिग्दर्शिकेला हे कळायलाच हवं, आणि ते माझ्याकडून नाही. दादा म्हणाले, आज प्रयोगानंतर मीच सांगणार आहे, ती मंडळी निघायच्या आत. पोरीला फसवणार नाही. फक्त आजचा प्रयोग मला करू दे.

"आणि आज मला सावरू नकोस," ते म्हणाले.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने विचारलं, आणि अडलात तर?

"तर अडेन." त्यांनी काउंटरवरची एक रिकामी फ्रेम उचलली, उघडमीट केली, ठेवून दिली. "गेल्या वेळी तू माझं वाक्य घेतलंस. टाळ्या पडल्या, मान्य. पण विचार कर. तो दारापर्यंत आला होता हे बहिणीला आधीच ठाऊक असेल, तर ती इतकी वर्षं त्याच्यावर रागावली कशाला? नाटकच उरत नाही."

डॉक्टर म्हणून नाही, मैत्रीण म्हणून नाही. तिला लाज वाटली ती नटी म्हणून. इतकी साधी गोष्ट. संहिता दोन्ही बाजूंनी तोंडपाठ, आणि ही साधी गोष्ट दिसली नाही.

"हल्ली तू माझ्याकडे बघत नाहीस," दादा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "माझ्यावर नजर ठेवतेस."

ते स्टुलावरून उतरले, तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि आत गेले. ती त्या रिकाम्या दुकानात उभी राहिली. रागच आला होता तिला, खरं तर. कुणासाठी करते मी हे? कोण विचारतं मला, नाव तरी नीट छापतात का जाहिरातीत? माझं वाक्य बाजूला ठेवून मी तुमचं पाठ करते आणि तुम्ही... आणि तो राग एवढा मोठा होता की त्याच्या आकारावरूनच तिला कळलं, आपण देत होतो त्यात घेणं किती होतं.

पहिला अंक चांगला झाला. सभागृह भरलं होतं, नव्या खोकल्याला हशा आला, दादा तरुण माणसासारखे शिडीवर चढले आणि उतरले. तिने ठरवल्याप्रमाणे त्यांची वाक्यं मनात म्हणायचं थांबवून पाहिलं. सोपं नव्हतं. हात टेकायची सवय झालेल्या जागी भिंत नसावी तसं होत होतं. मध्यंतरात दिग्दर्शिका विंगेत पडद्याची कड मुठीत धरून उभी होती, आणि ती जवळून जाऊ लागली तेव्हा पोरीने फक्त डोळ्यांनी विचारलं, ताई, आहात ना तुम्ही? ती तशीच पुढे जाऊन आपल्या जागी उभी राहिली.

दुसरा अंक सरकत गेला. फ्रेमा खोक्यांत भरल्या गेल्या, भिंत उघडी पडत गेली. भांडण झालं. ती स्टुलावर बसली. उजेड कमी झाला, आणि तिने विचारलं,

"बाबा आजारी होते तेव्हा तू का आला नाहीस?"

दादांनी वर पाहिलं.

तिची नजर, सांगूनसुद्धा, त्यांच्या छातीकडे गेली. श्वास आत आला. आणि परत गेला.

आता. आताच म्हणायला हवं, अजून उशीर झालेला नाही, अजून कुणाला कळलेलं नाही. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, आलो होतो, दारापर्यंत... नुसतं वळवून टाकायचं, प्रश्न करून... कुणीतरी खोकलं. विंगेत दिग्दर्शिकेचा हात वर गेलेला तिला न बघताही दिसला. अंधारात ती बाहेरगावची मंडळी होती, कुठल्या तरी रांगेत, कुणी पाय बदलला, खुर्ची करकरली. तिचं सगळं शरीर पुढे झुकलं होतं. उठायला. दोन पावलं. फक्त दोन पावलं, आणि मग सगळं ठीक, टाळ्या, वाचवलंत, वाचवलंत...

तिने दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली आणि त्यांच्या छातीवरून नजर उचलून चेहऱ्याकडे आणली. त्यात तिला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ गेला.

ते घाबरलेले होते. हे तिला अपेक्षित होतं. पण ते तिच्याकडेच पाहत होते, हे नव्हतं. शब्दाच्या शोधात नजर आत वळते तशी वळली नव्हती, विंगेकडे गेली नव्हती. ते तिच्याकडे पाहत होते, थकलेले, म्हातारे, एका रिकाम्या दुकानात, आणि कपाळाची कातडी किंचित आवळलेली, काहीतरी सांगायचं आहे आणि ते सांगितलं की पुन्हा पहिल्यासारखं काही राहणार नाही अशा माणसासारखी... हा चेहरा तिने इतक्या प्रयोगांत कधी पाहिला नव्हता. किंवा असेल तिथेच, रोज. मीच वाक्याची वाट बघत असायचे.

शांतता वाढत गेली. आता ती लपवण्यासारखी उरली नव्हती. ती घाबरली होती, इतकी कधीच कशाला घाबरली नव्हती, इतक्या वर्षांत त्या दुसऱ्या थिएटरातसुद्धा नाही. कारण तिथे तिच्या हातात काहीतरी असायचं.

तिने जिभेवरचं वाक्य शोधलं. नुसतं तपासण्यासाठी, अजून आहे ना म्हणून. ते नव्हतं. सकाळी टेबलाशी शब्दही न चुकता म्हटलेलं ते वाक्य कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. त्याच्या जागी नुसता प्रश्न उभा होता, तिचा स्वतःचा, तिनेच आत्ता विचारलेला. बाबा त्या खोलीत झोपून होते आणि मी एकटी होते, आणि हा आला नाही. का आला नाही? राग आला. मग राग विरघळून खाली काहीतरी दुसरंच दिसू लागलं. याला काहीतरी झालं होतं तेव्हा. काहीतरी झालं असणार. त्याशिवाय असा बघणार नाही हा.

दादांचे ओठ हलले, आणि पुन्हा मिटले.

ती स्टुलावर बसून होती, हात सुटे पडलेले, ते कधी सुटले ते तिला कळलं नव्हतं. त्यांच्याकडे पाहत होती. तो काय सांगणार आहे याची तिला खरोखरच काही कल्पना नव्हती, आणि तो कितीही वेळ लावो, तिला ते ऐकायचं होतं.